व्हिओलेताची भूमिका आणि पुण्यातली एक सोप्रानो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातच वाढलेली आणि गाण्याचे बहुतेक शिक्षण इथेच झालेली एक सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य गायकीतली सर्वांत उंच पट्टीची गायिका, इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातली व्हिओलेताची संपूर्ण भूमिका पियानोच्या साथीवर गाणार आहे, ही बातमी पसरल्यापासून तिला आणि तिच्याबरोबर पियानो वाजवणाऱ्या मला तेच ते प्रश्न विचारले जात आहेत. विचारणाऱ्यांत तिच्या सोसायटीतले शेजारी आहेत, ख्याल गाणारी मित्रमंडळी आहेत, तिची आत्या आहे आणि ऑपेरा म्हणजे जाड बायकांचे ओरडणे अशी ठाम समजूत असलेले माझे दोन मेहुणेही आहेत. प्रत्येकाला फोनवर वेगळे सांगत बसण्यापेक्षा उत्तरे एकदाच लिहून ठेवावीत, असे ठरले. ती साथीदाराच्या बाकावरून जशी दिसतात तशी दिली आहेत.

व्हिओलेता कोण, आणि गोष्ट थोडक्यात काय आहे?

व्हिओलेता व्हालेरी ही पॅरिसमधली अतिशय महागडी आणि लोकप्रिय गणिका. पहिल्या अंकात तिच्या घरी मेजवानी चाललेली असते, तिला खोकल्याची उबळ येते, आणि आल्फ्रेदो जेर्मों नावाचा तरुण आपल्यावर खरोखर प्रेम करतो हे तिला त्याच रात्री समजते. दुसऱ्या अंकात दोघे गावाबाहेर एकत्र राहत असताना त्याचे वडील येतात. या संबंधामुळे माझ्या मुलीचे लग्न मोडेल, तू याला सोड, अशी गळ घालतात. आणि ती खरे कारण न सांगता निघून जाते. चिडलेला आल्फ्रेदो पुढच्या मेजवानीत जुगारात जिंकलेले पैसे सगळ्यांदेखत तिच्यापुढे भिरकावतो. तिसऱ्या अंकात ती क्षयाने मरते. तो येतो, पण उशिरा येतो. 'त्राव्हियाता' म्हणजे वाट चुकलेली.

कथेचा उगम खऱ्या आयुष्यात आहे. मारी द्युप्लेसी ही पॅरिसची गणिका 1847 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिच्या सहवासात राहिलेल्या धाकट्या अलेक्झांद्र द्युमाने 1848 मध्ये तिच्यावर बेतलेली कादंबरी लिहिली, 1852 मध्ये त्याच कथेचे नाटक रंगभूमीवर आले, आणि फ्रान्चेस्को मारिया पियावेने त्यावरून लिहिलेल्या संहितेला व्हेर्दीने दिलेले संगीत 6 मार्च 1853 रोजी व्हेनिसच्या 'ला फेनीचे' या नाट्यगृहात पहिल्यांदा ऐकले गेले. म्हणजे त्या बाईला जाऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. व्हेर्दीला पात्रे त्याच्या काळच्याच कपड्यांत हवी होती, पण व्हेनिसमध्ये ते मान्य झाले नाही आणि गोष्ट दीडशे वर्षे मागे, 1700 च्या सुमारास ढकलावी लागली.

ही भूमिका झगमगती म्हणून प्रसिद्ध आहे, मग अवघड का म्हणतात?

दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. झगमगाट हा व्हिओलेताचा धंदाच आहे. पडदा उघडताच ती यजमानीण म्हणून शंभर नजरांसमोर उभी असते, हातात प्याला, अंगावर पायघोळ झगा, आणि गायिकेला आवाज तापवायला एकही निवांत ओळ मिळत नाही. पहिला अंक साधारण अर्ध्या तासाचा आहे. त्यात ती मंचावरून फारशी हलत नाही, आणि सगळे पाहुणे निघून गेल्यावर, म्हणजे वीसेक मिनिटे गाऊन झाल्यावर, भूमिकेतले सर्वांत चपळ गाणे तिला एकटीने गायचे असते.

ऑपेरावाले म्हणतात की व्हिओलेतासाठी तीन सोप्रानो लागतात : पहिल्या अंकाला तानबाजीचा हलका, लवचीक आवाज, दुसऱ्याला भरलेला, रुंद आवाज, तिसऱ्याला जवळजवळ न उरलेला आवाज. हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि ते मला पूर्ण पटत नाही. तीन आवाज निरनिराळे असते तर काम सोपे झाले असते. अडचण अशी की गळा एकच आहे, आणि पहिल्या अंकात टाळ्यांच्या मोहाने जे खर्च होते ते दुसऱ्या अंकात, नेमके हळू गायचे असते तेव्हा, हाताशी राहत नाही. वरचा सूर ताकद उरली नसतानाही एखादे वेळी निघून जातो. हळू आणि लांब सूर मात्र थकलेल्या गळ्यातून निघत नाही.

सूर किती वर जातो? आमच्या भाषेत सांगा.

हार्मोनियमच्या पट्ट्यांवरच सांगतो. मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तके वरची पांढरी एक, ही पहिल्या अंकातल्या 'सेम्प्रे लीबेरा' या गाण्यात आणि त्याच्या आधीच्या ओळींत अनेकदा लागते, आणि तिच्यावरची काळी एकसुद्धा लागते. काळी चारमध्ये गाणाऱ्या ख्यालगायिकेचा षड्ज धरला, तर तिच्या तार षड्जाच्याही वरच्या षड्जापाशी पोहोचून तिथून पुढे शुद्ध गंधार आणि शुद्ध मध्यम घ्यायचा, असा हा हिशेब आहे. सेकंदाला 1046 पेक्षा थोडी अधिक कंपने, ही त्या पांढरी एकची मोजणी.

एवढे ऐकल्यावर बहुतेकांचे डोळे विस्फारतात आणि संभाषण तिथेच थांबते, याची मला थोडी हळहळ वाटते. उंची हा प्रशिक्षित सोप्रानोच्या दृष्टीने रोजच्या मेहनतीचा भाग आहे. 'सेम्प्रे लीबेरा'ची खरी गोम त्या सुरांवरून झरझर खाली उतरणाऱ्या तानांत आहे, कारण उतरताना प्रत्येक सूर वेगळा, स्वच्छ ऐकू यायला हवा आणि तरीही श्वास मात्र एका संथ धारेत सुटत राहायला हवा. तालमीत आम्ही ही चार पाने निम्म्या वेगाने, नुसत्या 'ई'वर, कधी कधी ओठ फुरफुरवत, इतक्या वेळा घेतली आहेत की खालच्या मजल्यावरच्या काकूंना ती पाठ झाली असतील. त्यांच्या कुकरची शिट्टी बरोबर काळी एकच्या आसपास होते, हा निव्वळ योगायोग.

शेवटचा तो अतिउंच सूर ती घेणार का?

'सेम्प्रे लीबेरा'च्या अखेरीस अनेक गायिका आणखी वरची काळी दोन घेतात. तो सूर व्हेर्दीने लिहिलेला नाही. परंपरेने तिथे येऊन बसला आहे. ज्यांना तो सहज येतो त्यांनी तो घ्यावा, पण त्यासाठी संध्याकाळभर राखून ठेवलेली ताकद उधळू नये, असे माझे मत आहे. आमच्या गायिकेला तो येतो. ती घेणार की नाही हे त्या दिवशी पहिल्या अंकाच्या मध्यावर ठरेल, आणि ती मला भुवईने खूण करणार आहे.

पहिला अंक नीट पार पडला की जिंकले, असे समजायचे का?

बरोबर याच समजुतीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या ऑपेराच्या पहिल्याच प्रयोगाची कहाणी तिच्या नेमकी उलट आहे. 1853 चा तो पहिला प्रयोग पडला, हे सर्वांना माहीत असते, आणि त्याचे कारण म्हणून फानी साल्व्हिनी-दोनातेल्ली या अडतीस वर्षांच्या, अंगाने भरलेल्या गायिकेला क्षयरोगी म्हणून पाहताना प्रेक्षक हसले, असे मिटक्या मारत सांगितले जाते. मात्र तिच्या गाण्याची त्या वेळीही तारीफ झाली होती आणि पहिल्या अंकाला भरपूर टाळ्या पडल्या होत्या. गाडी घसरली ती दुसऱ्या अंकापासून. आल्फ्रेदो गाणाऱ्या लोदोव्हिको ग्रात्सियानीचा आवाज बसलेला होता, आणि वडिलांचे काम करणारा फेलीचे व्हारेझी, जो व्हेर्दीच्या आधीच्या ऑपेरांतला पहिला मॅक्बेथ आणि पहिला रिगोलेत्तो होता, त्याला ही भूमिका आपल्या तोडीची वाटत नव्हती.

पुढच्या वर्षी, 6 मे 1854 रोजी, व्हेनिसमधल्याच सान बेनेदेत्तो नाट्यगृहात मारिया स्पेत्सिया या गायिकेने व्हिओलेता गायली आणि प्रयोग डोक्यावर घेतला गेला. दरम्यान व्हेर्दीने पाच जागी फेरफार केले होते, आणि ते दुसऱ्या व तिसऱ्या अंकांत होते. व्हेर्दीला स्वतःलाही काम उरले आहे असे वाटले ते तिथे, चकाकत्या पहिल्या अंकात वाटले नाही.

दुसऱ्या अंकात आल्फ्रेदोच्या वडिलांबरोबरचा संवाद सलग पंधरा-वीस मिनिटे चालतो. त्यात ती आधी ताठ उभी राहते, मग भांडते, मग गयावया करते आणि अखेर 'दीते आल्ला जोव्हिने', म्हणजे 'त्या मुलीला सांगा', एवढे म्हणून हार मानते. हे गाणे वरच्या सुरांचे अजिबात नाही. मधल्या पट्टीत, अतिशय हळू, जणू श्वास न घेता गायचे आहे. आमच्या पहिल्या तालमीत ती इथे रडली आणि गाणे थांबले. दुसऱ्या तालमीत रडली नाही, पण आवाज कोरडा लागला. मधली वाट सापडायला तीन महिने गेले. त्यानंतर काही पानांनी 'आमामी, आल्फ्रेदो', म्हणजे 'प्रेम कर माझ्यावर, आल्फ्रेदो', हा उद्रेक येतो. तो अवघ्या काही ओळींचा आहे, पण पूर्ण वाद्यवृंदाच्या वरून भरल्या आवाजात फेकायचा आहे. इथे पियानोवर मला दोन्ही हातांनी थरथरता ठेका धरावा लागतो, आणि साठ वादकांचे काम दहा बोटांनी करताना पियानो किती तोकडा आहे हे दर वेळी नव्याने कळते.

मायक्रोफोन का नाही?

कारण ही गायकी मायक्रोफोन जन्माला येण्याआधीची आहे आणि तिचे सारे तंत्र त्याच्याशिवाय ऐकू जाण्यासाठी घडलेले आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या सभागृहात सुमारे 3800 प्रेक्षक बसतात आणि तिथेही गायिका उघड्या गळ्याने गाते. वाद्यवृंदाचा जोर खालच्या कंपनांत जास्त असतो आणि वर तो झपाट्याने घटतो. कमावलेला आवाज आपली ऊर्जा साधारण 2000 ते 4000 कंपनांच्या पट्ट्यात एकवटतो, जिथे वाद्ये विरळ असतात आणि माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. ओरडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी काटकसरीचा आहे.

पुणेकरांना यात नवल वाटू नये. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' याच शहरात रंगभूमीवर आले तेव्हा ध्वनिक्षेपक कुठे होता? तरीही आज एखाद्या सभागृहात आपण विनामाईक गाणार म्हटले की व्यवस्थापकांचा चेहरा पडतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी ध्वनियंत्रणेचे भाडे भरल्याशिवाय सभागृह मिळणार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही भाडे भरले आणि यंत्रणा बंद ठेवली, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने मध्यंतरात येऊन काळजीच्या सुरात विचारले, "मॅडम, मागे ऐकू येतंय, पण कसं येतंय?" त्याला शेवटच्या रांगेत बसवून पुढचा भाग ऐकवला. त्या सभागृहाचे नाव सांगण्यात मतलब नाही. बहुतेक ठिकाणी हाच अनुभव येतो.

वरच्या सुरांत शब्द का कळत नाहीत? इटालियन येणाऱ्यांनाही कळत नाहीत म्हणे.

खरे आहे, आणि त्यात गायिकेचा हलगर्जीपणा नसतो. 'आ', 'ई', 'ऊ' हे स्वर आपण ओळखतो ते तोंडाच्या पोकळीतल्या अनुनादांवरून. गाण्याचा मूळ सूरच त्या अनुनादांपेक्षा उंच गेला, की 'ई' आणि 'आ' यांच्यात फरक करायला आवाजात काही उरत नाही. शिवाय सोप्रानो वर जाताना जबडा मुद्दाम अधिक उघडते, म्हणजे पोकळीचा पहिला अनुनाद सुराच्या बरोबरीने वर सरकतो आणि आवाज फारसे श्रम न घेता मोठा होतो. शब्द धूसर होतात, त्याबदल्यात सूर दूरवर पोहोचतो. म्हणूनच जाणते संगीतकार कथेचे महत्त्वाचे शब्द मधल्या पट्टीत ठेवतात. आम्ही प्रत्येक गाण्यापूर्वी मराठीत दोन-तीन वाक्ये सांगणार आहोत.

आवाज सारखा थरथरतो, तो बेसूर नाही का?

ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला तो खटकतो, हे मी समजू शकतो. आपल्याकडे लावलेला षड्ज स्थिर, समईच्या ज्योतीसारखा हवा असतो. ऑपेराच्या आवाजातली लहर सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा सुराच्या वर-खाली जाते, आणि श्वासाचा दाब व गळ्याचे स्नायू यांचा तोल जमला की ती आपोआप येते. कान तिचा मध्य पकडतो आणि त्यालाच सूर म्हणतो. लहर संथ आणि रुंद झाली तर मात्र तो दोष आहे, थकलेल्या किंवा ताणलेल्या आवाजाची खूण आहे. आपला गमक आणि ही लहर यांची गल्लत करू नये. गमक गायक ठरवून घेतो.

तिने आठ वर्षे ख्याल शिकला आहे. त्याचा फायदा झाला की अडचण?

दोन्ही झाले, आणि क्रमाने आधी अडचण झाली. ख्यालातली गायिका छातीचा भरदार आवाज तार षड्जापर्यंत आणि त्याच्याही वर घेऊन जाते. त्यातच त्या गायकीची शान आहे. सोप्रानोला तो वजनदार आवाज बराच आधी सोडावा लागतो. काळी चारच्या पट्टीत सांगायचे तर मध्य सप्तकातल्या धैवताच्या आसपासच तिला हलक्या आवाजात शिरावे लागते, आणि हा सांधा ऐकणाऱ्याला कळता कामा नये. पहिले वर्षभर आमच्या गायिकेला आपला आवाज हरवला आहे असेच वाटत होते. घरी आजी विचारायच्या, "अगं, सर्दी झालीय का तुला?"

फायदा दिसला तो नंतर. खुल्या आकाराची सवय, एकच सूर तासभर लावून त्याच्याकडे कान देण्याची चिकाटी, आणि ऐकून उचलण्याची तयारी, ही तिची पुंजी होती. नुसत्या नोटेशनवर वाढलेल्या मुलांकडे ती क्वचित दिसते. श्रुतींचे भान असलेला कान पियानोच्या समान अंतरांवर मात्र अधूनमधून नाराज होतो. दुसऱ्या अंकातल्या एका गंधारावरून आमचे अजूनही वाद आहेत.

तिच्याआधी या वाटेने भारतातून कोणी गेले नाही असे नाही. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारियो यांनी इंग्लंडमध्ये सोप्रानो म्हणून नाव मिळवले, ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी रचना केल्या, आणि पुढे त्यांनी भारतात येऊन इथल्या गायकांना शिकवण्याचे काम हाती घेतले.

क्षयाने मरणारी बाई इतके गाऊ कशी शकते?

हा प्रश्न मेहुण्यांचा आहे आणि तो कुत्सितपणे विचारला गेला असला तरी चांगला आहे. व्हेर्दीलाही तो पडला असावा, कारण तिसऱ्या अंकात तो तिचे गाणे हळूहळू काढून घेतो. अंकाच्या सुरुवातीला ती आल्फ्रेदोच्या वडिलांचे पत्र वाचते, तेव्हा ती गातच नाही. खालच्या आवाजात, सूर न लावता, पण लयीत वाचायचे, अशी सूचना आहे. मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची चाल वाजत असते. पत्र संपते, ती बोलते की उशीर झाला, आणि मग आरशात पाहते. त्यानंतरचे 'आद्दीओ देल पास्सातो', म्हणजे गेल्या दिवसांचा निरोप, हे गाणे पांढरी सहावर संपते, आणि तिथे आवाजाचा केवळ धागा ठेवावा असे लिहिले आहे. तो धागा तुटू शकतो. तुटू नये म्हणून आवाज जाड करणे हा सोपा उपाय आहे आणि पुष्कळ गायिका तो करतात. आम्ही करणार नाही.

विसाव्या शतकातल्या गाजलेल्या सोप्रानो मारिया कॅलस यांनी व्हिओलेताच्या आवाजात आजारपणाची छटा मुद्दाम आणली, तेव्हा काहींनी त्यांचा आवाज थकल्याची टीका केली होती. 

एक बारकावा मला फार आवडतो. पहिल्या अंकात प्रेमाची चाहूल लागल्यावर, पाहुणे गेल्यानंतर, तिचे पहिले शब्द असतात 'ए स्त्रानो', म्हणजे 'नवल आहे'. अखेरच्या पानावर वेदना एकाएकी थांबतात तेव्हा ती पुन्हा तेच दोन शब्द उच्चारते, पण या वेळी ते गायलेले नसतात, बोललेले असतात. मग क्षणभर आवाज परत येतो, वर जातो, आणि ती कोसळते.

कपड्यांची एवढी चर्चा का?

कारण ते श्वासाच्या आड येतात. त्या काळच्या पोशाखात कमरेपासून बरगड्यांपर्यंत आवळलेली चोळी असते आणि सोप्रानोचा श्वास नेमका खालच्या बरगड्या पसरवून घेतला जातो. म्हणून शेवटच्या आठवड्यात एकदम पोशाख चढवून चालत नाही. आमच्या गायिकेने दोन महिने आधीपासून पाठदुखीला वापरतात तो पट्टा बांधून रियाज केला, आणि मागे लोळणाऱ्या घेराची सवय व्हावी म्हणून कमरेला जुना पडदा खोचून ती खोलीभर वावरत असे. वळताना घेर टाचेने मागे सारायचा असतो, हाताने नाही. नऊवारी नेसून नाचलेल्या तिच्या आत्याने ही युक्ती पाच मिनिटांत दाखवली, जी मी दोन आठवडे पुस्तकातून समजावत होतो.

गणिकेची भूमिका, घरच्यांना चालली का?

चालली. आत्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, तेव्हा आजींनी त्यांना आठवण करून दिली की 'एकच प्याला'तल्या सिंधूच्या हालांवर आपल्या घराने पिढ्यान्‌पिढ्या रुमाल भिजवले आहेत आणि तिथे दारुड्या नवऱ्याला कोणी नावे ठेवून नाटक बंद पाडले नव्हते. व्हेर्दीच्या वाट्यालाही अशी कुजबुज आली होती. जिऊसेप्पिना स्त्रेप्पोनी ही एके काळची गाजलेली सोप्रानो त्याच्यासोबत लग्नाविना राहत होती, आणि बुस्सेतो या त्याच्या गावाने त्या दोघांना बोल लावायला कमी केले नाही. त्यांनी लग्न केले ते 1859 मध्ये, हा ऑपेरा लिहून झाल्यावर सहा वर्षांनी.

व्हेर्दी 432 कंपनांवर गायला सांगत असे, हे खरे का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरातला एवढाच भाग खरा आहे की 1884 मध्ये इटलीत पांढरी सहाचे प्रमाण 432 ठरवण्याला व्हेर्दीने पाठिंबा दिला होता. आजच्या 440 शी तुलना केली तर तो फरक अर्ध्या सुराच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच आहे. ठिकठिकाणी पट्टी निरनिराळी असू नये आणि ती उगाच वर चढू नये, हा त्यामागचा व्यवहार होता. चक्रे, पाण्याचे रेणू वगैरे पुढची भर त्याची नाही.

प्रयोगाच्या दिवशी ती काय करते? दही चालते का?

दही चालते, सवय असेल तर. त्या दिवशी ती कमी बोलते, भरपूर पाणी पिते, दुपारी चारच्या सुमारास मऊ खिचडी खाते आणि लक्ष्मी रोडकडे फिरकत नाही. पुण्यात डिसेंबरच्या कोरड्या थंडीपेक्षा रस्त्याची धूळ जास्त त्रास देते. रियाज वीस मिनिटांच्या वर नाही, कारण उरलेले सर्व रात्री लागणार असते.

टाळ्या केव्हा वाजवाव्यात? वन्स मोअर देता येईल का?

गाणे संपल्यावर मनसोक्त वाजवाव्यात. इटलीत तर प्रेक्षक याहून गोंगाट करतात. वन्स मोअर मात्र कृपया नको. आपल्या संगीत नाटकांत ती रीत मोठ्या प्रेमाची होती, पण 'सेम्प्रे लीबेरा' पाठोपाठ दोनदा गायला लावणे म्हणजे शर्यत संपवून आलेल्या माणसाला पर्वती चढायला सांगण्यासारखे आहे.

येण्यापूर्वी काय ऐकावे?

अभिनय गळ्यातून कसा येतो हे ऐकायचे असेल तर कॅलस यांचे मिलानच्या ला स्काला नाट्यगृहातले 1955 चे किंवा लिस्बनचे 1958 चे ध्वनिमुद्रण ऐकावे. ध्वनी जुना आहे, तेवढी सवलत द्यावी. वाद्यवृंदाकडे कान द्यायचा असेल तर कार्लोस क्लायबर यांच्या संचालनाखाली इलेआना कोत्रुबाश यांनी गायलेले. पाहायचे असेल तर आन्ना नेत्रेब्को यांचा साल्झबुर्गचा 2005 चा प्रयोग, ज्यात दिग्दर्शक विली डेकर यांनी सगळा दरबारी थाट काढून टाकला आणि एक लाल झगा व एक प्रचंड घड्याळ एवढ्यावर गोष्ट सांगितली. आमच्या गायिकेला हा तिसरा पर्याय आवडतो, मला दुसरा.

कार्यक्रम किती वेळाचा आहे, आणि काही सूचना?

संगीत दोन तासांहून थोडे अधिक आणि दोन मध्यंतरे. समूहगान आम्ही गाळले आहे. आल्फ्रेदो आणि त्याचे वडील मुंबईहून येणार आहेत. 'आद्दीओ देल पास्सातो'चे दुसरे कडवे अनेक ठिकाणी कापले जाते, आम्ही ते ठेवले आहे, कारण पहिल्या कडव्यात ती स्वतःसाठी गाते आणि दुसऱ्यात तिला कळलेले असते की आपल्या थडग्यावर कोणी फूल वाहणार नाही. पत्राच्या पानासाठी एक व्हायोलिनवादक खास बोलावली आहे, कारण पियानोचा सूर वाजताक्षणी विरू लागतो आणि तिथे तो टिकायला हवा. त्या दीड मिनिटात मी काहीही वाजवणार नाही, ती गाणार नाही, आणि व्हायोलिन अगदी हळू असेल. तेव्हा भ्रमणध्वनी केवळ कंपनावर न ठेवता पूर्ण बंद करावेत. लाकडी खुर्चीवर ठेवलेल्या फोनचे कंपन आमच्या तालमीच्या खोलीत व्हायोलिनपेक्षा मोठे ऐकू आले होते.